प्रथिने मायटोकॉन्ड्रियात शिरतात कशी? गॉटफ्रीड शात्स यांच्या संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जैवरसायनशास्त्राचे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे प्राध्यापक आणि निव्वळ कुतूहलापोटी वाचणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली असून अडचणीचे अपवाद शेवटी घेतले आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी गरज पडेल तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो असे आम्ही शिकलो. मग त्याला बाहेरून प्रथिने का आणावी लागतात?

तो डीएनए फारच तुटपुंजा आहे, म्हणून. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएमध्ये १६,५६९ बेस-जोड्या आणि ३७ जनुके असतात. त्यांपैकी केवळ १३ जनुकांवरून प्रथिने बनतात, उरलेली आरएनएची आहेत. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनए लांबीने बराच मोठा असूनही त्यावरून अवघी ८ प्रथिने तयार होतात. याउलट मायटोकॉन्ड्रियात प्रत्यक्ष आढळणाऱ्या प्रथिनांचे प्रकार यीस्टमध्ये हजाराच्या आसपास आणि माणसात त्याहून अधिक आहेत. म्हणजे शेकडा नव्व्याण्णव प्रथिनांची जनुके केंद्रकात असतात, ती प्रथिने पेशीद्रवातील रायबोसोमवर बनतात आणि तेथून मायटोकॉन्ड्रियात पोहोचतात. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची प्रत काढणारे एन्झाइमसुद्धा बाहेरूनच येते, यावरून त्याची ‘स्वायत्तता’ किती नावापुरती आहे ते लक्षात येईल.

२. गॉटफ्रीड शात्स कोण होते?

ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये स्थिरावलेले जैवरसायनशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९३६ रोजी हंगेरीच्या सीमेजवळील श्ट्रेम या गावी झाला. ग्रात्स विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन १९६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, व्हिएन्नात हान्स टुपी यांच्याकडे काम केले आणि १९६४ ते १९६६ या काळात न्यूयॉर्कमध्ये एफ्रेम रॅकर यांच्या प्रयोगशाळेत पेशीच्या ऊर्जानिर्मितीचा अभ्यास केला. व्हिएन्नाला परतून दोन वर्षे काढल्यानंतर १९६८ मध्ये ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९७४ मध्ये बासल विद्यापीठाच्या बायोझेंट्रुम या संस्थेत आले. प्रथिनांच्या प्रवेशाविषयीचे त्यांचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे काम याच संस्थेतले आहे. अमेरिकेत पडलेले ‘जेफ’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. १ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

३. मायटोकॉन्ड्रियातील डीएनएचा शोध त्यांनीच लावला ना?

अर्धे श्रेय त्यांच्या गटाचे आहे, असे म्हणणे न्याय्य ठरेल. मार्गिट नास आणि सिल्व्हान नास यांनी १९६३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डीएनएसारखे तंतू दाखवले होते. शात्स, एलेन हास्लब्रुनर आणि टुपी यांनी १९६४ मध्ये यीस्टचे मायटोकॉन्ड्रिया काटेकोरपणे शुद्ध करून त्यांच्याबरोबर डीएनए कायम राहतो हे रासायनिक मार्गाने सिद्ध केले. पहिल्या पुराव्यात तंतू डोळ्यांना दिसत होते, पण ते खरोखर डीएनए आहेत का, ही शंका घेता येत होती. दुसऱ्यात डीएनएविषयी शंका नव्हती, पण तो केंद्रकातून चिकटून आला असेल का, असे विचारता येत होते. शुद्धीकरणावरचा भर याच शंकेसाठी होता.

४. डीएनएवर एवढे यश मिळाल्यावर ते प्रथिनांच्या प्रवेशाकडे का वळले?

विषय बदलला असे बाहेरून दिसते, पण पहिल्या शोधातूनच पुढचा प्रश्न निघाला होता. डीएनए आहे म्हटल्यावर त्यावरून कोणती प्रथिने बनतात हे पाहणे ओघानेच आले. कॉर्नेलमध्ये शात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमधील सायटोक्रोम ऑक्सिडेझ हे श्वसनसाखळीतील एन्झाइम त्यासाठी निवडले. सायक्लोहेक्सिमाइड हे द्रव्य पेशीद्रवातील रायबोसोम बंद पाडते आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मायटोकॉन्ड्रियातील रायबोसोम बंद पाडते. या दोन्हींचा आलटून-पालटून उपयोग केल्यावर असे आढळले की, या एकाच एन्झाइमचे तीन मोठे घटक मायटोकॉन्ड्रियात बनतात आणि लहान घटक बाहेरून येतात.

प्रश्न येथेच बदलला. एकाच एन्झाइमचे भाग दोन वेगळ्या ठिकाणी बनून एकत्र जोडले जात असतील, तर बाहेरचे भाग मायटोकॉन्ड्रियाची बाहेरची आणि आतली अशी दोन्ही पटले ओलांडतात कसे? बासलला गेल्यावर शात्स यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि पुढची सुमारे २५ वर्षे सोडला नाही.

५. प्रथिन पूर्ण तयार झाल्यावर आत जाते की तयार होत असतानाच?

बहुतेक प्रथिने पूर्ण तयार झाल्यावरही आत जाऊ शकतात. हे आज सहज लिहिता येते, पण १९७० च्या दशकात यावर मोठा वाद होता. अंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतील पटलांच्या जाळ्याच्या) बाबतीत प्रथिन रायबोसोममधून बाहेर पडता पडताच पटलातून ढकलले जाते हे दिसून आले होते आणि यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाच्या पृष्ठभागावरही रायबोसोम चिकटलेले आढळत होते. त्यामुळे येथेही तसेच घडत असावे, असा अनेकांचा कयास होता.

जर्मनीत वाल्टर नॉइपर्ट यांच्या गटाने १९७७ मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीवर काम करून पेशीविरहित मिश्रणात आधीच बनलेली प्रथिने मायटोकॉन्ड्रियात जातात हे दाखवले. १९७९ मध्ये मारिया-लुइसा माक्केक्कीनी, शात्स, ग्युंटर ब्लोबेल आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधील एफ-१ एटीपीएझ या एन्झाइमचे घटक आधी थोड्या मोठ्या आकाराचे, म्हणजे पूर्वरूपात बनतात, नव्याने प्रथिने बनणे थांबलेले असतानाही आत जातात आणि आत गेल्यावर छाटले जातात हे सिद्ध केले. मात्र पृष्ठभागावरच्या रायबोसोमचे निरीक्षण खोटे ठरले असा याचा अर्थ नाही. काही प्रथिनांचे एमआरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश रायबोसोमपर्यंत नेणारे रेणू, खरोखरच मायटोकॉन्ड्रियाजवळ गोळा होतात. फक्त ती जवळीक प्रवेशाची अट नाही.

६. कोणत्या प्रथिनाने मायटोकॉन्ड्रियात जायचे हे ठरते कसे?

प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला असलेल्या, बहुधा काही डझन अमिनो आम्लांच्या तुकड्यावरून. याला प्रीसिक्वेन्स म्हणतात आणि वर सांगितलेल्या पूर्वरूपाचा जास्तीचा भाग तो हाच. तो पुरेसा आहे का, हे तपासण्यासाठी एड हुर्ट आणि शात्स यांनी १९८४ मध्ये सायटोक्रोम ऑक्सिडेझच्या चौथ्या घटकाचा २५ अमिनो आम्लांचा प्रीसिक्वेन्स उंदराच्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेझ या प्रथिनाला जोडला. या प्रथिनाचा मायटोकॉन्ड्रियाशी काही संबंध नसतो, तरीही ते मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आतल्या पटलाच्याही आतील भागात पोहोचले. पुढच्याच वर्षी पहिली १२ अमिनो आम्लेही पुरतात हे दिसले.

या तुकड्यांमध्ये ठरावीक अक्षरक्रम शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. समान असते ती घडण: तुकडा सर्पिलाकार वळला की त्याच्या एका बाजूला धनभारित आणि दुसऱ्या बाजूला पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्ले येतात. शात्स यांच्या प्रयोगशाळेत केवळ आर्जिनिन, सेरिन आणि ल्युसिन वापरून रचलेले कृत्रिम तुकडेही काम करताना आढळले. जिवाणूंच्या डीएनएतून यदृच्छेने उचललेल्या काही तुकड्यांनीही प्रीसिक्वेन्सची भूमिका बजावली. उत्क्रांतीच्या दृष्टीने मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. जिवाणूच्या अवस्थेतून आलेल्या मायटोकॉन्ड्रियाची जनुके केंद्रकात गेल्यावर त्यांच्या प्रथिनांना परतीची वाट कशी सापडली असेल, या कोड्याचा अवघडपणा त्याने बराच कमी होतो.

७. प्रथिन तर घडी घातलेले, गोळा झालेले असते. ते बारीक छिद्रातून जाते कसे?

घडी उलगडून. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवायचा तर गुंडा आधी सोडवावा लागतो, तसेच हे आहे. पण हे म्हणणे सोपे आणि सिद्ध करणे अवघड होते, आणि या विषयातला माझ्या मते सर्वांत देखणा प्रयोग त्यासाठीच झाला.

मार्टिन आयलर्स आणि शात्स यांनी १९८६ मध्ये प्रश्न ६ मधील जोडप्रथिनच वापरले. डायहायड्रोफोलेट रिडक्टेझला मेथोट्रेक्सेट हे औषध अतिशय घट्ट चिकटते. कर्करोगात आणि संधिवातात ते दिले जाते, त्यामुळे अनेक वाचकांच्या घरात त्याचे नाव परिचयाचे असेल. औषध चिकटले की प्रथिनाची घडी आवळली जाते आणि उलगडणे जवळजवळ अशक्य होते. आता नळीत शुद्ध केलेले जोडप्रथिन आणि मायटोकॉन्ड्रिया घेतले, तर प्रथिन आत जाते. त्याच नळीत आधी मेथोट्रेक्सेट घातले, तर प्रीसिक्वेन्स जसाच्या तसा असूनही प्रथिन बाहेरच राहते. त्याच प्रीसिक्वेन्सच्या, पण औषध न चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रथिनावर मात्र औषधाचा परिणाम होत नाही, म्हणजे औषधाने मायटोकॉन्ड्रिया बिघडवले असे म्हणायला जागा उरत नाही. एका बाजारी औषधाच्या साहाय्याने ‘उलगडल्याशिवाय प्रवेश नाही’ हे विधान असे तपासता आले. अर्धवट आत शिरून अडकलेली प्रथिने मिळवण्याची युक्तीही यातूनच हाती आली आणि प्रवेशद्वाराचे घटक ओळखण्यासाठी (प्रश्न १० पाहा) तिचा पुष्कळ उपयोग झाला.

८. प्रथिन खरोखर आत गेले की नुसते बाहेर चिकटले, हे प्रयोगशाळेत कसे ओळखतात?

पद्धत साधारण अशी असते. किरणोत्सर्गी गंधक असलेले मेथिओनिन वापरून पूर्वरूप प्रथिन बनवतात, ते शुद्ध मायटोकॉन्ड्रियात मिसळून २५ ते ३० अंश सेल्सिअसला काही मिनिटे ठेवतात आणि मग नळी बर्फात ठेवून प्रक्रिया थांबवतात. त्यानंतर ट्रिप्सिन किंवा प्रोटिनेझ-के यांसारखे प्रथिने तोडणारे एन्झाइम घालतात. बाहेर राहिलेले प्रथिन त्यात नष्ट होते, आत गेलेले पटलांच्या आडोशाने वाचते. शेवटी जेलवर प्रथिने वेगळी करून एक्स-रे फिल्मवर पट्टे पाहतात. छाटल्यामुळे थोडा खाली सरकलेला आणि एन्झाइमला दाद न देणारा पट्टा दिसला, तर प्रवेश झाला असे मानतात.

विद्यार्थी येथे एक चाचणी हमखास विसरतात. गुठळी झालेले प्रथिनही तोडणाऱ्या एन्झाइमपासून वाचू शकते आणि आत गेल्याचा भास निर्माण करते. म्हणून एका नळीत डिटर्जंट घालून पटले विरघळवायची असतात. त्या नळीतही पट्टा टिकून राहिला, तर उरलेल्या निकालावर विश्वास ठेवू नये.

९. या प्रवासाला ऊर्जा कोठून मिळते?

दोन ठिकाणांहून. आंतरपटलाच्या आतल्या बाजूला ऋणभार असतो आणि दोन्ही बाजूंमधील विद्युतविभव दीडशे मिलिव्होल्टच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. धनभारित प्रीसिक्वेन्स त्यामुळे आत ओढला जातो. व्हॅलिनोमायसिनसारख्या द्रव्याने हे विभव नाहीसे केले की प्रवेश थांबतो. प्रीसिक्वेन्सपाठोपाठ येणारे उरलेले प्रथिन आत घेण्यासाठी मॅट्रिक्समधील एचएसपी-७० हे प्रथिन एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्चून काम करते. आत आल्यावर अनेक प्रथिनांची घडी एचएसपी-६० च्या मदतीने पडते. फ्रान्झ-उलरिश हार्टल आणि आर्थर हॉर्विच यांचे यावरील १९८९ चे काम मायटोकॉन्ड्रियावरूनच सुरू झाले होते.

१०. जुन्या लेखांत आयएसपी-४२ आणि एमओएम-१९ अशी नावे दिसतात, पुस्तकात मात्र टॉम आणि टिम. ही वेगळी प्रथिने आहेत का?

नाही, बव्हंशी तीच आहेत. बासलचा गट यीस्टवर आणि म्युनिकचा न्यूरोस्पोरावर काम करत असल्याने एकाच यंत्रणेच्या घटकांना वेगवेगळी नावे पडली. १९९६ मध्ये संशोधकांनी मिळून एकच पद्धत ठरवली: बाह्यपटलातील यंत्रणेचे घटक ‘टॉम’, आंतरपटलातील ‘टिम’, आणि पुढचा आकडा प्रथिनाचे अंदाजे वजन हजार डाल्टनमध्ये दाखवणारा. १९८९ मध्ये डिटमार व्हेस्टव्हेबर, शात्स आणि सहकाऱ्यांनी ओळखलेले आयएसपी-४२ आता टॉम-४० या नावाने ओळखले जाते. बाह्यपटलातील छिद्र त्याचेच बनलेले असते. १९९६ पूर्वीचा लेख वाचताना जीव कोणता आहे ते आधी पाहावे आणि मगच नावांचा मेळ घालावा.

११. मग या क्षेत्राचे श्रेय शात्स यांना द्यायचे की नॉइपर्ट यांना?

दोघांना, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनाही. नॉइपर्ट यांच्या गटातून पुढे आलेल्या निकोलाउस फान्नर आणि हार्टल यांच्याशिवाय आजचे चित्र पूर्ण होत नाही. बासलच्या गटातून हुर्ट आणि सुझन गॅसर पुढे अन्य विषयांत नावाजले. दोन्ही गटांत चुरस तीव्र होती आणि काही वेळा एकाच निष्कर्षाचे लेख थोड्या अंतराने प्रसिद्ध झाले. माझ्या मते त्याचा फायदाच झाला, कारण दोन वेगळ्या जीवांवर दोन वेगळ्या हातांनी केलेला प्रयोग जुळला की सहसा कोणी त्यावर आक्षेप घेत नसे.

१२. यीस्ट श्वसनाशिवायही जगते. मग टॉम-४० नसले तर ते मरते का?

मरते, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. साखर मुबलक असेल तर यीस्ट किण्वनावर भागवते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पूर्ण गमावलेल्या यीस्टच्याही छोट्या वसाहती वाढतात. याच सोयीमुळे शात्स यांनी यीस्ट निवडले होते, कारण श्वसन बिघडवणारे बदल जिवंत पेशीत अभ्यासता येतात. पण टॉम-४० चे जनुक काढले की साखर असूनही पेशी तगत नाही. ऊर्जानिर्मितीखेरीज मायटोकॉन्ड्रियाची इतर कामे आहेत आणि त्यांपैकी लोह-गंधकाचे समूह तयार करण्याच्या प्रक्रियेतील वाटा पेशीला टाळताच येत नाही. ते काम करणारी प्रथिनेही बाहेरूनच येतात, त्यामुळे दार बंद झाले की सगळेच थांबते.

१३. मायटोकॉन्ड्रियात जाणाऱ्या प्रत्येक प्रथिनाला प्रीसिक्वेन्स असतो का?

नाही, प्रश्न ६ मधील उत्तर मुख्य वाटेपुरते आहे. आंतरपटलातील एडीपी-एटीपी वाहकासारख्या प्रथिनांचे संकेत त्यांच्या अंगातच विखुरलेले असतात आणि ती कापली जात नाहीत. टॉममधून आल्यावर दोन पटलांमधील जागेत त्यांना लहान टिम प्रथिने सांभाळतात आणि टिम-२२ त्यांना आंतरपटलात बसवते. कार्ला कोहलर, शात्स आणि सहकाऱ्यांचे १९९८ चे काम या लहान टिम प्रथिनांविषयीच होते. बाह्यपटलातील पिंपाच्या आकाराची प्रथिने आधी आत येऊन मग सॅम या संकुलामार्फत बाह्यपटलात रुजतात. दोन पटलांमधील जागेतच राहणाऱ्या अनेक लहान प्रथिनांना मिया-४० हे प्रथिन गंधकाचे बंध जोडून अडकवून ठेवते. सायटोक्रोम-सीची वाट आणखी निराळी आहे. त्याला हीम हा लोहयुक्त गट जोडला गेल्यावर ते आतच राहते.

१४. या संशोधनाचा रोगांशी काही संबंध आहे का, की हे केवळ यीस्टपुरते आहे?

संबंध थेट आहे. १९६० मध्ये नॉर्वेतील एका कुटुंबात मुलग्यांना लहानपणीच बहिरेपणा येऊन पुढे स्नायूंचे वेडेवाकडे आकुंचन आणि दृष्टिदोष जडतात असे वर्णन झाले होते. या मोर-ट्रानेब्यर्ग विकाराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचे पुढे कळले, पण त्याचे प्रथिन काय करते ते उमगत नव्हते. यीस्टमधील लहान टिम प्रथिनांशी त्याचे साम्य लक्षात आल्यावर कोहलर आणि शात्स यांच्या गटाने १९९९ मध्ये हा प्रथिनप्रवेशाचा विकार असल्याचे दाखवले. निदानाला त्याने आधार मिळाला. उपचार मात्र त्यातून आपोआप निघाला नाही. पार्किन्सन रोगाच्या काही आनुवंशिक प्रकारांतील पिंक-१ हे प्रथिनही याच दाराशी निगडित आहे: निरोगी मायटोकॉन्ड्रियात ते आत ओढले जाऊन नष्ट होते, विभव गेलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलावर मात्र साचते आणि तो निकामी झाल्याची खूण ठरते.

१५. शात्स यांना नोबेल मिळाले का?

नाही. प्रथिनांच्या अंगीच त्यांच्या मुक्कामाचे संकेत असतात, या शोधासाठी १९९९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल एकट्या ब्लोबेल यांना मिळाले. १९७९ च्या लेखात ते शात्स यांचे सहलेखक होते हे वर आलेच आहे. शात्स यांना लुई-जाँते पारितोषिक, मार्सेल बेन्वा पारितोषिक आणि १९९८ मध्ये गेर्डनर पारितोषिक मिळाले.

१६. ते व्हायोलिनवादकही होते, हे खरे आहे का?

होय, आणि छंदापुरते नव्हे. तरुणपणी ते ग्रात्सच्या ऑपेरात आणि व्हिएन्नाच्या फोल्क्सओपरमध्ये वाद्यवृंदात वाजवत. प्रयोगशाळा सोडल्यावर २००० पासून काही वर्षे ते स्वित्झर्लंडच्या विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते आणि नोये झुर्शर त्साइटुंग या दैनिकातून सर्वसामान्य वाचकांसाठी विज्ञानलेखन करत.

१७. या विषयावर भारतात काम करता येते का?

येते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या जैवरसायन विभागात यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातील प्रथिनप्रवेशावर संशोधन होते. जैवरसायनशास्त्राबरोबर यीस्टची आनुवंशिकी आणि संरचनात्मक जीवशास्त्राची तोंडओळख असेल, तर विद्यार्थ्याला या कामात लवकर जम बसवता येतो.

१८. आमच्या पुस्तकात टिम-२३ हे आंतरपटलातील छिद्र आहे असे लिहिले आहे. नवीन लेख मात्र टिम-१७ चे नाव घेतात. परीक्षेत काय लिहावे?

पुस्तक जुन्या आकलनावर आधारलेले आहे. टिम-२३ हे पाण्याने भरलेल्या वाहिनीसारखे असते, अशी समजूत बराच काळ प्रचलित होती. २०२३ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने यीस्टमधील या संकुलाची रचना उलगडल्यावर आणि जोडीला झालेल्या जैवरासायनिक प्रयोगांवरून, प्रथिनाची वाट मुख्यतः टिम-१७ च्या पटलाकडे उघड्या असलेल्या खाचेतून जाते असे दिसून आले. उत्तरात ‘टिम-२३ संकुल’ असे लिहिणे दोन्ही दृष्टींनी बिनचूक ठरते, कारण संकुलाचे नाव तेच राहिले आहे आणि टिम-१७ त्याचाच घटक आहे. जागा असेल तर २०२३ च्या निष्कर्षाचे एक वाक्य जोडावे.